सुनेनं वाचलेला शेवट

हंसाबाई राठोड आपल्या सुनेवर जळत होती हे तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही असं फक्त हंसाबाईलाच वाटायचं. आता सासूनं सुनेवर जळावं यात नवल काय, असं कुणीही म्हणेल. पण इथं ठिणगी चुलीवरून पडली नव्हती, लेकावरून नव्हती, सोन्यानाण्यावरून तर नव्हतीच. ती पडली होती पुस्तकांवरून. कापूस वेचणाऱ्या बाया हंसाबाईच्या बाजूची ओळ सोडून बबिताच्या, म्हणजे सुनेच्या, बाजूला जायला लागल्या होत्या, आणि यात जळण्यासारखं काय आहे हे ज्याला कळत नसेल त्यानं कधी चार माणसांसमोर गोष्ट सांगितलेली नसावी.

तांडा बंजाऱ्यांचा, फुलसावंगीच्या जवळचा. दिवाळीच्या आगेमागे इथल्या बाया विमलताईंच्या शेतात वेचणीला जातात. विमलताई गावातल्या, स्वतः उभ्या राहून शेती करणाऱ्या. वेचणीत एकेक बाई पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, एकेक ओळ धरते, कमरेला ओटी बांधते आणि बोंडांतला कापूस काढत पुढं सरकते. हात गुंतलेले, तोंड रिकामं. रिकामं तोंड दुसऱ्याच्या घरात डोकावणारच, तसं ते आधी डोकावायचंही. मग हंसाबाईनं वाचलेली पुस्तकं सांगायला सुरुवात केली आणि चहाड्यांना कुणी विचारेना. तिच्या दोन्ही अंगांच्या ओळींसाठी सकाळीच ओढाताण व्हायची. मागं राहिलं की ऐकू येत नाही, म्हणून सुस्त हाताची बाईसुद्धा तिच्या चालीनं वेचायची. विमलताईंना याचं फार कौतुक. "हंसाबाई, आज जरा लंबी गोष्ट सांगजा," असं त्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरूनच सांगायच्या. मधे मोबाइल आला. पोरींनी पदरात बांधून गाणी लावली. चार दिवस हंसाबाई गप्प राहिली, पाचव्या दिवशी तिनं एका राजाच्या तुरुंगातल्या बाळंतिणीची गोष्ट काढली आणि पोरींनी आपण होऊन गाणी बंद केली.

ही विद्या तिनं कुठून आणली म्हणाल, तर आश्रमशाळेतून सातवीपर्यंत, आणि पुढची नानाजींच्या वाचनालयातून. नानाजी म्हणजे फुलसावंगीचे निवृत्त मास्तर. एका खोलीत कपाटं मांडून त्यांनी वाचनालय चालवलं होतं आणि त्यांचा एक विचित्र हट्ट होता. एकटी कादंबरी ते कुणाला देत नसत. सोबत एक राजकारणाच्या इतिहासाचं आणि एक विज्ञानाचं पुस्तक न्यावंच लागे. "निस्त्या कादंबऱ्या वाचल्या तं माणूस रडतोंड्या होते," ते म्हणायचे, "निस्ता इतिहास वाचला तं भांडखोर होते. आन् निस्तं विज्ञान वाचलं तं त्याच्याजवळ कोणी बसत नाई." लोक हसून ती दोन पुस्तकं न वाचता परत करत. हंसाबाई मात्र तिन्ही वाचायची, कारण वेचणी लांब असते आणि एका कादंबरीवर ती निघत नाही.

आणि ती सांगायची कशी? इतिहासाच्या पुस्तकात एका प्रांताचे दोन प्रांत झाले असं दोन ओळींत लिहिलेलं असायचं. हंसाबाईच्या तोंडी ती दोन भावांची वाटणी होई. विहीर कुणाकडे गेली, मायबाप कुणाकडे राहिले, यात अर्धा दिवस जाई. पुस्तकात मंत्री राजीनामा देऊन घरी जायचा. बाया विचारायच्या, "मंग त्याची बायको काय म्हने?" पुस्तकात बायकोचा पत्ता नसायचा. हंसाबाई क्षणभर बोंडाकडे बघायची आणि बायको काय म्हणाली ते सांगायची. विज्ञानातसुद्धा तिनं माणसं घातली. देवमाशीण थंड समुद्रातून ऊन पाण्याच्या समुद्रात जाऊन बाळंत होते, एवढं पुस्तकात होतं. हंसाबाईनं सांगितलं, बाळंतपणाला माहेरी जाते. मग तिथं तिला खायला कोण घालतं, असं शेजारच्या ओळीतल्या सुखीबाईनं विचारल्यावर हंसाबाईनं एक बहीण निर्माण केली. ती बहीण बायांना इतकी आवडली की पुढं कितीतरी दिवस तिची चौकशी चालू होती.

तेव्हा सून आणायची वेळ आली तर हंसाबाईनं वाचणारीच आणावी, हे ओघानंच आलं. नेरकडच्या एका तांड्यात पोरगी पाहायला गेली तेव्हा तिनं पिशवीतून वाचनालयाचं पुस्तक काढून पोरीच्या हातात दिलं. "वाच." शरीरात रक्त कसं फिरतं त्याचं पुस्तक होतं ते. पाहुणे एकमेकांकडे बघत राहिले. बबितानं पदर सावरला आणि अडखळता एक पान वाचलं, स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला श्वास घेत. हंसाबाईचा जीव सुपाएवढा झाला. "माह्या राजकुमारनं नाई, ही मी पसंत केली," असं ती नंतर वर्षभर सांगत फिरली. आता तेच आठवून ती स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला तयार होती.

बिघडलं ते पहिल्याच वेचणीत. इकडे पहिला कापूस वेचण्याआधी शेतात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या झाडापाशी दहीभात ठेवायचा, हात जोडायचे आणि मग पहिलं बोंड वेचायचं. तांड्यातल्या बायांनी आपली एक रीत त्याला जोडली होती: सीतादहीच्या दिवशी नवी पुस्तकं सुरू व्हायची. यंदा हंसाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बारीक अक्षर मुंग्यांसारखं चालायला लागायचं. म्हणून नानाजींकडून पुस्तकं बबितानं आणली, आणि दुपारी निंबाखाली भाकरी खाताना सुखीबाई म्हणाली, "पोरी, पुस्तक हातात हाय तं वाच ना थोडं. हंसाबाईच्या डोयाले तेवढाच आराम."

बबितानं वाचलं. ते नेमकं देवमाशाचंच एक नवं पुस्तक निघालं. तिनं जसंच्या तसं वाचलं, की ऊन पाण्यात पिल्लू होईपर्यंत आणि ते पोहायला शिकेपर्यंत देवमाशीण महिनोन्महिने काहीच खात नाही. अंगातल्या चरबीवर जगते आणि पिल्लाला दूध पाजते.

"अन् तिची बहीण?" सुखीबाईनं विचारलं.

बबितानं पान मागंपुढं केलं. "बहीण नाई लिहेल इथं, काकी."

सगळ्या बाया हंसाबाईकडे वळल्या. ती भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत राहिली. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही, आणि तेच तिला झोंबलं. उलट सुखीबाई म्हणाली, "बिचारी. येवढ्या मोठ्या जीवाले कोनी इचारत नाई." आणि त्या उपाशी देवमाशिणीसाठी बाया हंसाबाईच्या बहिणीपेक्षा जास्त हळहळल्या.

त्या दिवसापासून एक नवा प्रश्न शेतात शिरला. हंसाबाई रंगात येऊन मंत्र्याची बायको बोलवायला लागली की कुणीतरी सहज विचारायचं, "हे पुस्तकातलं व्हय का तुमच्या मनातलं?" विचारणारीच्या मनात पाप नसायचं. पण हंसाबाईच्या जिभेला तिथल्या तिथं गाठ पडायची. हळूहळू बाया दुपारची वाट बघायला लागल्या, मग दुपारी वाचलेल्याचा अर्थ विचारायला बबिताच्या शेजारची ओळ धरायला लागल्या. ती प्रांताच्या वाटणीत खरं काय झालं ते सांगायची, कायदा कसा झाला ते सांगायची, रक्ताचा गट कसा जुळतो ते सांगायची. सावकाश, आवाज न चढवता. हंसाबाईला वाटायचं, हे काय सांगणं झालं? ही तर शिकवणी. आणि ओटी भरून मागं बघावं तर तिच्या बाजूच्या ओळी मोकळ्या.

मग तिनं काय काय केलं ते सांगायला नको, पण सांगतो. वाचन रंगात आलं की ती डबा खडखडवून घासायला बसायची. विमलताईंना तिनं सुचवलं की प्यायचं पाणी आणायला तरणी पोरगी पाठवावी, आणि नेमकी दुपारी पाठवावी. राजकुमारला म्हणाली, तुझी बायको शेतात फार बोलते. राजकुमार म्हणाला, "याडी, तू बोलतं त्यापेक्षा जास्त?" याडी म्हणजे आई, तांड्यात आईला तेच म्हणतात. पोटच्या पोरानं असं म्हणावं याचं वाईट वाटून ती त्या दिवशी जेवली नाही, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटी ती बाजाराच्या दिवशी नानाजींकडे गेली आणि म्हणाली, माझी सून पुस्तकाला हळदीची बोटं लावते, तिला देत जाऊ नका.

नानाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "हंसाबाई, खरं सांगू का? तुमी वापस केलेल्या पुस्तकाले खोबऱ्याच्या तेलाचा वास येत जाय. बबिता तं फाटेल पान चिकटवून आनते. पुठ्ठा घालून आनते. असी वाचनारी मले या गावात भेटली नाई." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "तुमच्यानंतर." ते "तुमच्यानंतर" इतकं उशिरा आलं होतं की हंसाबाईला ते भीक घातल्यासारखं वाटलं.

इथवर सगळं नुसतं जळणं होतं. जीव घाबरावा असं झालं ते नंतर. एका दुपारी सुखीबाई बबिताला म्हणाली, "बाई, नानाजीजवळ ते निळ्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक हाय. पोरगी घर सोडून जाते ते. हंसाबाईनं सांगतलं हाय मले. पन एक डाव पुस्तकातून ऐकाचं हाय. जसंच्या तसं."

हंसाबाईचा हात बोंडातच राहिला.

सुखीबाईची लेक काही वर्षांपूर्वी घरातून निघून गेली होती. दक्षिणेतून बोअरवेलच्या गाड्या येतात, त्यांतल्या एका पोरासोबत. नंतर ना फोन, ना निरोप. कुणी म्हणे सुखात आहे, कुणी काही म्हणतच नसे. त्याच वर्षी हंसाबाई ती निळी कादंबरी सांगत होती. कादंबरीतली पोरगी अशीच जाते, गावोगाव भटकते, आणि शेवटी परक्या शहरातल्या दवाखान्यात मरते. आईच्या हातात तिचं गाठोडं तेवढं येतं. हंसाबाई सांगत सांगत त्या पानापाशी आली आणि तिनं बाजूच्या ओळीत पाहिलं. सुखीबाई वेचायची थांबली होती. ओटीला दोन्ही हातांनी धरून नुसती उभी होती. हंसाबाईनं सांगितलं, एका संध्याकाळी पोरगी परत आली, घराच्या दारात उभी राहिली. गोष्ट संपली. तेव्हापासून दर वेचणीत सुखीबाई ती गोष्ट मागायची आणि दारापर्यंत ऐकून समाधानानं पुढच्या झाडाला लागायची. दारातून पोरगी आत कशी गेली ते मात्र हंसाबाईला कधी सुचलं नाही, आणि सुखीबाईनं विचारायचं धाडस केलं नाही.

आता ते पुस्तक जसंच्या तसं वाचलं जाणार होतं. हंसाबाईला धास्ती कशाची होती? सुखीबाईची आस तुटेल याची, की आपण खोटी ठरू याची? ती स्वतःला पहिलंच कारण सांगत होती. पण मनात जे चित्र पुन्हा पुन्हा येत होतं त्यात सुखीबाई रडत नव्हती. त्यात सगळ्या बाया हंसाबाईकडे बघत होत्या, देवमाशिणीच्या दिवशी बघितलं तशा, आणि मधोमध बबिता मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती.

पुस्तक आलं. हंसाबाईनं ते तुरीच्या पोत्यात खुपसलं. तुरीची डाळ करायची म्हणून बबितानंच पोतं सोडलं, पुस्तक झटकलं आणि फळीवर ठेवलं. दोन-तीन दिवसांत तिनं ते घरी वाचूनही काढलं. शेवटचं पान मिटल्यावर ती बराच वेळ पुठ्ठ्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "याडी, याचा शेवट..."

हीच ती वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं: सुखीबाईसमोर तो वाचू नको. सून ऐकणारी होती, हे हंसाबाईला ठाऊक होतं. पण ते वाक्य म्हणजे सुनेपुढं हात पसरणं. मी बदललं होतं, आता तू मला सांभाळ, असं म्हणणं. हंसाबाईनं तोंड फिरवलं. "मले कायले इचारतं? शिकेल तं तू हायस," ती म्हणाली आणि उगाच शेळीला चारा टाकायला बाहेर गेली. शेळीपुढं चारा आधीच होता.

निंबाखाली वाचन सुरू झालं. रोज थोडं. सुखीबाई बबिताच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची, आणि आपल्याला माहीत असलेला भाग आला की ओठ हलवायची. पोरगी घरातून गेली, गावं मागं पडली, सोबतचा माणूस सोडून गेला. बबिताचा आवाज तोच, सपाट, स्वल्पविरामाला थांबणारा. शेवटच्या दुपारी हंसाबाई सगळ्यांकडे पाठ करून बसली. डबा घासायचंही तिला सुचलं नाही. पोरगी आजारी पडल्याचं बबितानं वाचलं. दवाखान्याच्या पायऱ्या आल्या. पान उलटल्याचा आवाज झाला.

"मग एका संध्याकाळी," बबितानं वाचलं, "ती परत आली. घराच्या दारात उभी राहिली."

हंसाबाईनं मान वळवली. बबिताची नजर पानावर होती, बोट ओळीखालून सरकत होतं. त्या ओळी हंसाबाईला पाठ होत्या. त्यांत पांढरी चादर होती, गाठोडं होतं. दार नव्हतं. चला, सुटले, असं तिला वाटलं. पण बबिता तिथं थांबली नाही. तिनं पान उलटलं.

"आई अंगणात तूर निवडत बसली होती. तिनं मान वर केली, लेकीकडं पाहिलं, आणि पुन्हा सुपाकडं पाहत म्हणाली, तुझ्या मागं शेळीनं तुरीत तोंड घातलं, हाकल तिला. लेकीनं शेळी हाकलली. लांबपर्यंत हाकलत नेली, खुंट्याला बांधली. परत आली तेव्हा आईनं सरकून जागा केली होती आणि सुपातली अर्धी तूर तिच्या बाजूला लोटली होती."

बबितानं पुस्तक मिटलं. सुखीबाई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. "असंच व्हय," ती म्हणाली. "मी बी असंच म्हनीन तिले. दुसरं काय म्हनाचं असते?" बाकीच्या बायाही हसल्या, एकीनं डोळे पुसले. "हंसाबाई," सुखीबाई वळून म्हणाली, "तुमी बरोबर सांगतलं होतं वो. निस्ती शेळी सोडली तुमी."

हंसाबाई खोटी ठरली नव्हती. सुखीबाईची पोरगी अजून येण्यासारखी होती. जे जे व्हावं म्हणून तिनं पुस्तक पोत्यात घातलं होतं ते सगळं झालं होतं. मग तिच्या अंगाची आग का व्हावी? कारण ती शेळी. आपण इतकी वर्षं पोरीला दारात ताटकळत ठेवली आणि या कालच्या पोरीनं एका शेळीनिशी तिला घरात नेली. नुसतं वाचता येतं म्हणून हिचा राग होता, तो परवडला असता. वाचता तर मास्तरालाही येतं. पण ही सांगतेही. आणि सांगताना पुस्तकाची ओळ आणि स्वतःची ओळ यांत फट दिसू देत नाही. दुपारभर हंसाबाईनं बोंडं अशी ओरबाडली की कापसात पालापाचोळा आला आणि विमलताईंनी तो तिला उचलून दाखवला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी तांड्याच्या वाटेला दोघीच मागं राहिल्या. बबिताच्या पिशवीत निळं पुस्तक होतं.

"पुस्तकात असं नाई," हंसाबाई शेवटी म्हणाली.

"मले मालूम हाय."

"मंग काहून वाचलं?"

"काकीनं मले तुमची गोष्ट आधीच सांगतली होती," बबिता म्हणाली. "तिले तेच ऐकाचं होतं."

"अन् शेळी?"

"ते असंच आलं तोंडातून. मले बी मालूम नोयतं."

असंच आलं. हंसाबाईला हे ऐकवलं नाही. असंच कसं येतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बोंडाकडे बघावं आणि मंत्र्याची बायको बोलायला लागावी, हे आजवर या शेतात तिचं एकटीचं होतं. सुनेची जीभ छाटून टाकावी असं एक क्षण तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणाच्या पोटात दुसरंच काहीतरी वळवळत होतं. ते तिनं दाबलं. नाल्यापर्यंत दाबलं. नाला उतरताना तिनं आधारासाठी बबिताचा खांदा धरला, आणि चढ चढून वर आल्यावरही सोडला नाही.

"मंग?" ती दुसरीकडे बघत, जवळजवळ रागावून म्हणाली. "तूर निवडून झाल्यावर? मायनं इचारलं का तिले, कुठी होतीस म्हनून?"

बबितानं जरा विचार केला. "नाई इचारलं," ती म्हणाली. "पन दुसऱ्या दिवशी सकायी काय झालं, याडी..."

तांड्याचे दिवे दिसायला लागले होते. ते लवकर येऊ नयेत म्हणून हंसाबाईनं पाय हळू केले, आणि पाय हळू करावे लागले म्हणून ती सुनेवर आणखीच जळली.